पिवळं पडलेलं पाणी

"थांब गं! पेशी आहेत त्या, खरकटी भांडी नव्हेत." प्रयोगशाळेतल्या सोबतीण रझियानं, पाणी ओतायला निघालेल्या स्वरूपाच्या हातातली काचेची बशी धरली.

पेशींनी सोडलेल्या लॅक्टेटनं, त्या आंबट टाकाऊ द्रव्यानं, बशीतलं गुलाबी पाणी पिवळं पडलं, की स्वरूपा ते इमानेइतबारे बदलायची. प्रयोग फसायचा. या खेपेला फसला, तर विषयच बंद होणार होता.

लॅक्टेट प्रथिनांना चिकटून, जंतूंशी लढणाऱ्या पेशींना जखम भरायला लावतं का, हे तिला पाहायचं होतं. आणि तेच ती फेकत होती!

या वेळी तिनं पिवळं पाणी राहू दिलं. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीच्या गाभ्यात लॅक्टेट चिकटलेली प्रथिनं, खूण म्हणून घातलेल्या रंगानं, हिरवी उजळली. लढाई सोडून पेशी डागडुजीला लागल्या होत्या.

स्वरूपाचे डोळे भरले. "बायांनो, आपल्याच घामानं जखमा सांधता, आणि मी मेली तो पुसत बसले!"