उघडणारी पाती

“बाबा, कुठली घेऊ? तूच सांग.”

काउंटरवर दोन डब्या उघड्या होत्या. अन्वीनं हात मागे बांधले होते. सोळा वर्षांच्या मुलीला पात्याची वस्तू विकता येत नाही, हे दुकानदारानं आधीच सांगितलं होतं. हात लावायचा तो जयंतनं, निवडायचं ते जयंतनं.

एका डबीत शिकारीच्या बाणाची साधी टोकं होती. दोन पात्यांची, वेळूच्या पानासारखी अरुंद. दुसरीतली देखणी. उडताना पाती मिटलेली, लागली की पंखांसारखी उघडणारी.

“ही ओपन होणारी कूल आहेत ना?”

जयंत हसला. त्याला सगळं ठाऊक होतं. इंग्लंडातल्या रीडिंग गावच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकणारा माणूस तो. आठवडाभर लंचचं सँडविच खाता खाता त्यानं तिरंदाजांच्या वेबसाइटवरचं पान न् पान वाचलं होतं. मिटलेल्या पात्यांना उघडायलाच जोर लागतो. भारी धनुष्य तो जोर देतं. अन्वीचं धनुष्य हलकं. तिचा बाण कातडीत शिरेल, बरगडीशी अडेल, थांबेल.

त्याला तेच हवं होतं.

लेकीला कधी ‘नाही’ म्हणायचं नाही, असं त्यानं आणि सुचेतानं ती पाळण्यात असतानाच ठरवलं होतं. त्यांच्या लहानपणी त्यांनी ते फार ऐकलं होतं. म्हणून तिच्या तिरंदाजी क्लबची मुलं ऑक्टोबरच्या सुट्टीत फ्रान्सला शिकारीला निघाली तेव्हाही तो ‘जा की’ म्हणाला. इंग्लंडमध्ये बाणानं शिकार करायला बंदी, फ्रान्समध्ये चालते. ‘मीही येतो’ म्हणाला.

सुचेतानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं होतं. “अरे, आपल्याकडे अंड्याला वेगळं भांडं लागतं, आणि तू पोरीला हरीण मारायला नेतोयस?”

“मरणार नाही गं ते. खरचटेल, पळून जाईल. ही हात हलवत परत येईल. हौस फिटेल. वाईटपणा कुणाकडेच नको.”

“घेऊ ही?” अन्वीनं पुन्हा विचारलं.

“घे,” जयंत म्हणाला. “तुझ्यासारखीच देखणी आहेत.”

अन्वी लाजली. शाळेत ती मान खाली घालून चालायची, बोलताना शेवटचा शब्द गिळायची. पण धनुष्य हाती आलं की पाठ सरळ, श्वास संथ, हात बिनवाऱ्याच्या देव्हाऱ्यातल्या ज्योतीसारखा. तेवढं एकच तिचं स्वतःचं होतं.

फ्रान्सच्या त्या जंगलात पानं पिवळी झाली होती. हरिणी धुक्यातून आली. कान हलवत आली, ओल्या गवताला तोंड लावत आली. अन्वीनं श्वास धरला. बाण सुटला. हरिणी उसळली आणि पळाली. काट्यांतून पळाली, ओढ्यातून पळाली, कुशीत बाण घेऊन पळाली.

जंगलाचा राखणदार मार्सेल, अन्वी आणि जयंत अंधार पडेपर्यंत रक्ताचे थेंब शोधत फिरले. थेंब थोडे होते, मग तेही संपले. मार्सेलला इंग्रजी येत नव्हतं. दहावीला मार्क पडतात म्हणून जयंतनं पुण्यात घेतलेलं फ्रेंच तेवढं कामी आलं. परतीचं जहाज पहाटेचं होतं. ‘मी शोधत राहीन,’ मार्सेल म्हणाला, ‘सापडलं की फोन करीन.’

गाडीत अन्वी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली होती.

“त्याला खूप दुखत असेल, बाबा?”

“नाही गं. एव्हाना विसरलीपण असेल ती.”

“मी नेम बरोबर धरला होता. आय थिंक.” ती त्याच्याकडे वळली. “मार्सेल सांगेल ना, माझा मिस्टेक होता का? माझा असेल तर मी परत कधीच शूट नाही करणार. प्रॉमिस.”

जयंतनं वायपर चालू केले.

घरी आल्यावर धनुष्य पिशवीतून निघालं नाही. क्लबमधून बोलावणं आलं, ती गेली नाही. फोन वाजला की जिन्यावरून धावत यायची, दुसऱ्या कुणाचा निघाला की तशीच वर जायची.

एका संध्याकाळी फोन मार्सेलचा निघाला.

जयंतला कळावं म्हणून तो सावकाश बोलत होता. हरिणी आदल्या दिवशी सापडली होती, झुडपात, जिवंत. उठायला गेली की पडायची. मार्सेलनंच गोळी घालून तिला सोडवलं.

“बाण काढून बघितला,” तो म्हणाला. “साहेब, तुमच्या मुलीसारखा नेम मी आयुष्यात थोड्याच लोकांचा पाहिला. बरोब्बर हृदयावर. बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. पण टोक बरगडीवर अडकलं. तिच्या धनुष्याला ही टोकं कुणी दिली? साधं अरुंद पातं असतं तर जनावर चार पावलांत पडलं असतं, त्याला कळलंही नसतं. तिला सांगा, हात सोन्याचा आहे. आजच सांगा. या वयात पोरं फार मनाला लावून घेतात.”

“सांगतो,” जयंत फ्रेंचमध्ये म्हणाला. “आभारी आहे.”

त्यानं फोन ठेवला. अन्वी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. शाळेत तिनं फ्रेंच घेतलं नव्हतं. ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती.

“काय म्हणाला तो? कुणाचा मिस्टेक होता?”

जयंतनं तिला जवळ घेतलं. तिच्या डोक्यावरून हळूच, मायेनं हात फिरवला.

“तुझा नेम जरासा चुकला म्हणाला, सोन्या.”