झिजलेल्या रेषा

अंबुबाई गाजुल यांनी चौथ्यांदा बोटं काचेवर ठेवली, आणि ठसे तपासणाऱ्या यंत्रावर पुन्हा लाल दिवा लागला. सोलापूर सोडून त्या पहिल्यांदाच परदेशी निघाल्या होत्या. लेक व्हिएन्नात नर्स होती. तिच्याकडे जाणारं विमान वाटेतल्या या परक्या विमानतळावर बदलायचं होतं, आणि ते सुटायला पाऊण तास उरला होता. पासपोर्ट तपासणारा अधिकारी काचेआडून काहीतरी विचारत होता. त्यांना एक अक्षर कळत नव्हतं.

शेजारच्या खिडकीवर शिक्का घेऊन पुढे गेलेली एक मुलगी परत फिरली. "मावशी, हाताला काय झालंय, असं विचारतायत."

"काही नाही गं. चाळीस वर्षं विड्या वळल्या, रेषा झिजल्या." अंबुबाईंनी तळवे तिच्यापुढे धरले. "मला परत पाठवतील का?"

मुलीने अधिकाऱ्याला सगळं समजावलं. त्याने बाहेर येऊन अंबुबाईंचा तळवा निरखून पाहिला, मग ओल्या रुमालाने एकेक बोट हलकेच पुसलं. उजवा हात पुन्हा नापास झाला. डाव्याला हिरवा दिवा लागला.

मुलीने त्यांना हाताला धरून गेटपर्यंत नेलं आणि त्यांच्याशेजारी निवांत बसली.

"तुझं विमान कधी आहे?"

"गेलं मघाशीच. संध्याकाळी दुसरं आहे."

अंबुबाई तिच्याकडे वळल्या. त्यांनी विचारलं, "नाव काय गं तुझं?"

"ऋजुता."

"लेक विचारेल, कुणी आणून सोडलं म्हणून. नाव सांगता यायला हवं."