भरतीच्या वेळची हाक

भरती लागली की समुद्रातला किल्ला रिकामा करून दरवाजाला कुलूप लावायचं, हे भागोजीचं काम. आत कोणी अडकलं, तर त्याची नोकरी गेलीच.

"पाणी चढतंय, चला!" तो ओरडायचा. पर्यटक निघायचे. मग रिकाम्या बुरुजावरून म्हातारा आवाज यायचा, "आलो, आलो." जाऊन पाहावं, तर कोणीच नसायचं.

"माझ्या नवऱ्यासारखंच हाय तुझं भूत," सरबतवाली येसूबाई म्हणायची. "नुसतं आलो म्हनतंय, येत न्हाय."

आज मात्र उत्तर आलं नाही. भागोजीने तीनदा हाक मारली, सगळे बुरूज पालथे घातले, कुलूप लावलं आणि निर्धास्त होऊन गुडघाभर पाण्यात उतरला.

पुढे चाललेली येसूबाई मागे वळली.

"भागोजी, पाठच्या बाबांचा हात धर की. धोतर भिजतंय त्यांचं."