ताठ बस

“पोक काढू नकोस, ताठ बस.” जेवताना, अभ्यास करताना बाबांचं हे पालुपद ठरलेलं. वर्गात सगळ्यांत उंच मी, आणि त्याचं कौतुक माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

लढाई शहराच्या जवळ सरकली, तेव्हा आमच्या शाळेच्या भिंतींना आतून गोळी अडवणारे तक्ते बसवायचं काम बाबांकडेच आलं. फायबरचे थर दाबून केलेले, लोखंडापेक्षा कितीतरी हलके.

“थेट छतापर्यंत लावा ना,” बाई म्हणाल्या.

“या जुन्या भिंती तेवढंही वजन पेलायच्या नाहीत, बाई. बसलेल्या मुलांची डोकी झाकू.” बाबांनी मला बाकावर बसवलं आणि डोक्याला लागून भिंतीवर रेघ ओढली. तिथवर तक्ते लागले.

वर्षभराने एकदा ते मला न्यायला आले. मी बाकावर ताठ बसले होते. बाबा वर्गाच्या दारातच थबकले. माझं डोकं तक्त्याच्या काठावरून दोन बोटं वर आलं होतं.

त्या रात्री बाबा जेवताना ताटावरची नजर न हलवता म्हणाले, “वर्गात जरा पोक काढून बसत जा.”