शह कुठाय?

"मात!"

सेक्रेटरी मुळ्यांनी वजिरानं मंगलाचं शेवटचं प्यादं मारलं आणि अशी आरोळी ठोकली की नदीवरच्या रामघाटापर्यंत जावी. माधवनगरच्या मराठी क्लबातले झाडून सगळे पुरुष टाळ्या पिटू लागले.

बोली साधी होती. मंगला हरली नाही, तर पुढच्या वर्षीपासून क्लबाच्या बुद्धिबळ स्पर्धेत बायकांनाही नावं देता येणार. हरली, तर तो विषय पुन्हा काढायचा नाही. मध्यभारताचा मध्यप्रदेश होऊन पंधरा दिवस झाले होते, पण मुळ्यांचा क्लब काही जागचा हलत नव्हता.

तिनं पटाकडे पुन्हा पाहिलं. तिचा एकटा राजा उरलेला, तोही कोपऱ्यात. शेजारची सगळी घरं वजिरानं अडवलेली. पण राजा उभा होता त्या घरावर? तिथं कुणाचाच मारा नव्हता! अगं बाई!

"मुळेसाहेब," ती म्हणाली, "शह कुठाय?"

"शह? अहो, राजाला हलायलाच जागा नाही, तर शह..." मुळ्यांनी वाकून पट पुन्हा पाहिला. "बरं, बरं. चाल मागे घेतो. देशी खेळात घेतातच की."

"देशी खेळ यंदा तुम्हीच बंद केलात. आता विलायती नियम. हात सुटला की चाल झाली. आणि शह नसताना राजा कोंडला, तर डाव बरोबरीत."

बघ्यांत घाटावरचे पंडितजी होते. त्यांनी मान डोलावली. "बहूजी बिलकुल सही कह रही हैं. बाजी बराबर छूटी, मुळेजी!"

मुळ्यांनी भिंतीवरचा नियमांचा कागद दोनदा वाचला. अक्षर त्यांचंच होतं. मग मात्र गडी खदखदून हसला. "हातात वजीर असून माती खाल्ली की हो मी! घ्या बाई, बरोबरी! आणि नावं आत्ताच सांगा, नाहीतर उद्या माझंच मन फिरायचं."

मंगलाला इतका आनंद झाला की हसावं का रडावं कळेना. मागच्या बाकावर बसलेल्या बायकांतून कुसुम उठली, सुलू उठली. मुळे वहीत नावं लिहू लागले. तेवढ्यात मंगलाच्या सासूबाई, सत्तरीच्या अक्का, पदर खोचून टेबलापाशी आल्या.

"माझंही लिहा."

"अक्का, तुम्हाला खेळता येतं?" मंगला चाटच पडली.

"न यायला काय झालं? अख्खं वर्ष पडलंय. घोडा तेवढा कसा चालतो, ते घरी जाता जाता सांग."