वर आलंय

गळाला लावायची गांडुळं पकडण्यात तिच्या नवऱ्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. ओल्या मातीत लाकडी खुंट ठोकायचा आणि त्यावर लोखंडी पट्टी खसाखसा घासायची. जमीन घुमली की खालून चिचुंद्री खणत आली असं समजून गांडुळं जीव घेऊन वर पळत, ती थेट तिच्या बादलीत. "थांबा, वर आलंय," एवढं ओरडणं तिचं काम.

"पळतात म्हणून सापडतात," तो हसून म्हणायचा.

घरी तो तिला गुरासारखा बडवायचा. हल्ली मात्र पुढच्या दारावर लाथ बसली की ती मागच्या दाराने शेजारच्या काकूंकडे पसार व्हायची आणि तो हात चोळत राहायचा.

आज पुढचं दार धडधडलं तशी ती उठली आणि थबकली. ही त्याची लाथ नव्हती, कुणीतरी बिचकत मूठ आपटत होतं. नवऱ्याने पुढे दिराला उभं केलं असणार. मागच्या दाराखालच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते.

तिने मागची कडी हळूच काढली, कोपऱ्यातली पहार उचलली आणि दाराआड उभी राहिली. मग पळत आल्यासारखे जागच्या जागी पाय आपटले.

दार ढकलून तो मुंडी पुढे घालून आत घुसला. पहार एकदाच खाली आली.

पुढचं दार अजून वाजतच होतं.

"थांबा भाऊजी," तिने आवाज दिला, "वर आलंय."