पहिलं का दुसरं

"प्लेअरकडं बघायचं न्हाई," राधेश्यामनं बजावलं आणि मांडीवरच्या प्लेअरवर टॉवेल टाकला.

"मंग कुठं बघू?" राजनंदिनीनं विचारलं.

"कुठं बी बघ. माझ्याकडं बघ."

राजनंदिनी भाकरी थापायची सोडून आली होती. तिनं पिठाचे हात पुसले आणि पलंगावर नवऱ्यासमोर बसली. राधेश्यामनं तिच्या दोन्ही कानांत स्वतःच्या हातानं इअरफोन बसवले, वायर कानामागून नीट वळवून घेतली. लग्नात मंगळसूत्र घालतानाही त्यानं एवढी काळजी घेतली नव्हती.

मंठ्याच्या बाजारात त्याचं बियाण्यांचं दुकान होतं. पण गेले काही दिवस त्याचं दुकानात बिलकुल लक्ष नव्हतं. गाणी ऐकायच्या नव्या प्लेअरला इअरफोन लावायला दोन छिद्रं होती. एक बारीक, नेहमीचं. त्यात दोन्ही कानांची परतीची तार एकच. दुसरं जाड, बॅलन्स्ड. त्यात ज्या कानाची त्याला वेगळी तार. जाड छिद्रात डावं-उजवं कसं सुटं सुटं, मोकळं ऐकू येतं, असं राधेश्यामला पहिल्याच दिवशी जाणवलं. लगेच त्यानं गाणेवेड्यांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, 'जमीन-अस्मानाचा फरक!' पुण्याच्या एकानं उत्तर दिलं, 'भास आहे. कुणाला तरी न सांगता ऐकवून बघा.'

झालं. तो 'भास' राधेश्यामच्या डोक्यात भुंग्यासारखा शिरला. जेवताना, गाडी चालवताना, गिऱ्हाइकाला कपाशीची पिशवी काढून देताना, तोच विचार. कधी फरक ऐकू यायचा, कधी नाही. आपले कान फार तयार आहेत, एवढी एकच गोष्ट तो आजवर छाती फुगवून सांगत आला होता. तीच खोटी निघाली तर? आज सोक्षमोक्ष लावायचा, म्हणून त्यानं बायकोला बसवलं होतं.

तिला गाण्यातलं काही कळत नव्हतं, हे उत्तमच. शिवाय अलीकडं तिचं कशातच लक्ष नसे. एक गोष्ट तीनदा सांगावी लागे. शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊन कुकर करपून जाई आणि ही पलीकडच्या खोलीत बसून भाजी निवडत असे. रात्री झोपायची बाजूसुद्धा तिनं बदलून घेतली होती, पंख्याचा वारा लागत नसेल म्हणून. असल्या माणसाला फरक कळला, तर तो खराच म्हणायचा.

त्यानं टॉवेलखाली हात घातला. जाड छिद्राचा आवाज मुळातच मोठा असतो, म्हणून तो आधी कमी करून घेतला. वायरीचं टोक बदलायचं, लावायचं, पुन्हा बदलायचं. गाणं एकच, एका बाईंचा संथ आलाप.

"तानपुरा येतो का? डाव्या अंगाला?" तो पुढं वाकला.

राजनंदिनीनं त्याच्याकडं पाहिलं. "येतो की."

"मंग सांग. जास्त मोकळं कुठलं? पहिलं का दुसरं?"

"दुसरं."

बरोबर! दुसऱ्या वेळीच जाड छिद्र लावलं होतं. त्यानं उलटसुलट केलं. पुन्हा बरोबर. मुद्दाम एकच छिद्र दोनदा लावलं, तर ती म्हणाली, "हे दोन्ही सारखंच वाटून राह्यलं." राधेश्यामला तिला उचलून नाचावंसं वाटलं. पुण्याच्या त्या शहाण्याला आता दाखवतोच, म्हणून त्यानं मोबाइल उचलला.

दोन शब्द लिहिले आणि त्याचं बोट थांबलं. एवढं बरोबर कसं आलं? त्याचं त्यालाही इतकं नेमकं ओळखता येत नव्हतं. हिनं टॉवेलखालचं पाहिलं तर नसेल?

"थांब. अजून एकदा." त्यानं टॉवेल काढून तिच्या डोळ्यांवर बांधला.

"दुसरं," राजनंदिनी म्हणाली. चूक.

"पहिलं?" पुन्हा चूक. मग ती नुसतेच अंदाज ठोकू लागली.

"आता काय झालं?" राधेश्याम वैतागला.

तिनं टॉवेल खाली ओढला. "आता तुमचं तोंड दिसंना. तुमच्या मनासारखं लागलं की तुमच्या भुवया वर जातात. मी तेच बघून सांगत व्हते."

राधेश्यामला हसावं की रडावं कळेना. म्हणजे पुणेकराचंच खरं. आपले कान तसलेच, चारचौघांसारखे. त्यानं प्लेअर बंद केला आणि पलंगावर ठेवून दिला. तरी एक गोष्ट त्याला टोचत राहिली.

"मंग तानपुरा? डाव्या अंगाला येतो म्हणालीस की."

"तुम्ही लई आशेनं इचारलं. न्हाई कसं म्हणू?"

तिनं डावा इअरफोन काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "ह्या कानात मला काहीच येत न्हाई. पाडव्याच्या आधी नुसतं सूं सूं वाजायचं. मंग ते बी बंद झालं."

 राधेश्यामला करपलेला कुकर आठवला, बदललेली बाजू आठवली. घाबरला की त्याचा आवाज चढायचा, तसा तो आताही चढला.

"येवढं झालं, आन मला सांगितलं का न्हाईस?"

"सांगितलं की. हितंच, ह्याच पलंगावर. तुमच्या कानात हे व्हते," राजनंदिनी म्हणाली. "तुम्ही मान हलवली. मला वाटलं, ऐकलं."